एकट्याने घरी हार्मनीचे थर रेकॉर्ड करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या सुगम संगीत गातात, त्यांची पट्टी काळी चार (म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज) आहे आणि दोन खोल्यांच्या घरात एक कंडेन्सर माइक, दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारे उपकरण) व लॅपटॉप एवढीच सामग्री आहे. भूप रागाच्या (सा रे ग प ध एवढेच सूर) अंगाने बांधलेल्या स्वतःच्या एका गीताच्या ध्रुवपदावर त्यांना आपल्याच आवाजात दोन-तीन ओळींची हार्मनी, म्हणजे मुख्य चालीसोबत वेगळ्या सुरांत चालणारी साथ, चढवायची आहे. प्रत्येक ट्रॅक वेगळा ऐकला तर सुरेल वाटतो. सगळे एकत्र वाजवले की गर्दी होते, आवाज गढूळ होतो आणि कुठेतरी बेसूर झाल्याची शंका येत राहते. यावर उपाय म्हणून चांगला माइक घ्यावा की पिच करेक्शनचे (गायलेला सूर नंतर दुरुस्त करणारे) सॉफ्टवेअर, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की तूर्त दोन्ही घेऊ नयेत. थरांमधला गढूळपणा बहुतांशी माइकच्या अलीकडे, म्हणजे गाणाऱ्याच्या बाजूला तयार होतो. कोणत्या ओळीला कोणते सूर दिले, गाताना कानात काय वाजत होते आणि शब्दांचे शेवट किती जुळले, यांवरच बरेचसे ठरून जाते. माइक त्यानंतर फक्त नोंद घेतो.

सुरांच्या निवडीपासून सुरुवात करावी लागेल, कारण तुमचे गीत भूपात आहे आणि तिथे एक खास अडचण आहे. मुख्य सुराच्या वर सप्तकातला तिसरा सूर धरायचा ही हार्मनीची प्रचलित सवय भूपात दुसऱ्याच पावलाला अडते. षड्जावर गंधार मिळतो, पण ऋषभावर मध्यम घ्यावा लागतो, आणि मध्यम आला की भूप राहत नाही. म्हणून रागातलाच एक सूर सोडून पुढचा घ्यावा: सा वर ग, रे वर प, ग वर ध, प वर तार (वरच्या सप्तकातला) सा आणि ध वर तार रे. असे केले की पहिली जोडी वगळता बाकी सगळी अंतरे षड्ज-मध्यम भावाची, म्हणजे सा ते म एवढी, होतात. तो नाद मोकळा आणि किंचित पोकळ असतो. रागाला तो शोभतो, फक्त चित्रपटगीतांतल्या भरगच्च कोरसची अपेक्षा ठेवून ऐकू नये.

आता याच नियमाने ‘ग रे सा’ या उतरत्या तुकड्याला खालची ओळ लावून पाहा. ती सा, मंद्र (खालच्या सप्तकातला) ध, मंद्र प अशी येते. मधली जोडी, म्हणजे वर रे आणि खाली मंद्र ध, हीच तुमच्या शंकेचे मूळ असण्याची दाट शक्यता आहे. अर्ध्या स्वराचे अंतर १०० सेंट धरले तर तानपुऱ्याशी नीट मिळालेला शुद्ध ऋषभ षड्जापासून सुमारे २०४ सेंटवर आणि शुद्ध धैवत सुमारे ८८४ सेंटवर असतो. मंद्र धैवतापासून ऋषभापर्यंतचे अंतर यावरून ५२० सेंट भरते. निर्दोष षड्ज-मध्यम भाव मात्र ४९८ सेंटचा असतो. उरलेले २२ सेंट म्हणजे प्रमाणश्रुती म्हणून आपल्याकडे जिचा विचार होतो तेवढेच अंतर. दोन्ही सूर षड्जाशी तंतोतंत जुळलेले आणि तरीही एकमेकांशी न जुळणारे, अशी ही स्थिती आहे. एक-एक ट्रॅक वेगळा ऐकताना ती कळत नाही, कारण प्रत्येक ट्रॅक तानपुऱ्यापुरता बरोबरच असतो. चार-सहा ट्रॅक एकत्र आले की ती डोळ्यांत नव्हे, थेट कानात भरते.

यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. त्या एका जागी धैवत कानाने किंचित चढा लावावा, हा पहिला. तो कसलेल्या गळ्यालाच जमतो आणि दर टेकला (प्रत्येक वेळी रेकॉर्ड करताना) तितकाच चढा लागेल याची खात्री नसते. दुसरा सोपा मार्ग म्हणजे खालची ओळच बदलावी: सा, मंद्र प, मंद्र प. रे आणि मंद्र प यांच्यात शुद्ध षड्ज-पंचम भाव (सा ते प एवढे अंतर) आहे, तो आपोआप मिळतो, आणि खालची ओळ स्थिर राहिल्याने वरची चाल अधिक उठून दिसते. मी नेहमी दुसराच मार्ग घेतो. एकूणच खालच्या ओळीने जितके कमी हलावे तितके बरे.

गंधाराबद्दलही आधीच निर्णय घ्यावा लागेल. चांगल्या लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो सुमारे ३८६ सेंटवर असतो, तर कीबोर्डचा आणि पेटीचा गंधार ४०० सेंटवर. चौदा सेंट म्हणजे एकट्या गळ्याला किरकोळ, पण थरांमध्ये मोठा फरक. तुमच्या गीताच्या अंतिम रूपात कीबोर्डचे कॉर्ड सतत वाजणार असतील तर सुरुवातीपासून कीबोर्ड ऐकूनच गा. फक्त तानपुरा आणि तालवाद्य असेल तर तानपुरा ऐकून गा. अर्धे ट्रॅक एकावर आणि अर्धे दुसऱ्यावर गायले गेले, तर पुढे कोणतीही दुरुस्ती पुरी पडत नाही. तानपुऱ्याचे ॲप वापरत असाल तर त्याची काळी चार आणि कीबोर्डची काळी चार खरोखर एकच आहे ना, हेही ट्यूनरवर एकदा पाहून घ्यावे. ॲपमध्ये बारीक सूर वर-खाली करण्याची सोय असते आणि ती कधीतरी चुकून सरकलेली असते.

हार्मनीचे वळण कानात बसलेले नसेल तर गोव्याचा मांडो लक्षपूर्वक ऐकावा. त्यात दुसरा आवाज मुख्य चालीबरोबर तिसऱ्याच्या किंवा सहाव्याच्या अंतराने चालतो, आणि तो कधीही मुख्य आवाजाच्या पुढे येत नाही. भूपाला ती अंतरे तशीच्या तशी लागू पडणार नाहीत, पण दुसऱ्या आवाजाचे मागे राहून सोबत करणे तिथे फार स्वच्छ ऐकायला मिळते.

आता गाताना काय ऐकावे याकडे वळू. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. पहिली ओळ रेकॉर्ड केली, ती ऐकत दुसरी, त्या दोन्ही ऐकत तिसरी, असा क्रम स्वाभाविक वाटतो. पण अनेक आवाज एकत्र झाले की सूर एका रेषेऐवजी पट्ट्यासारखा रुंद होतो, आणि गाणारा त्या पट्ट्यात कुठेतरी सूर टेकवतो. त्याला तो जुळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात पट्टा आणखी रुंद झालेला असतो. लयीचेही तसेच: दुसऱ्या ट्रॅकवर शब्द जरा उशिरा पडला तर तिसरा त्या उशिरालाच सम समजतो. म्हणून प्रत्येक थर गाताना कानात फक्त तीन गोष्टी ठेवाव्यात: सुराचा आधार, म्हणजे तानपुरा किंवा कीबोर्ड, ठेक्याचा लूप किंवा क्लिक (लयीची टकटक), आणि मुख्य गायनाचा एकच ट्रॅक. बाकी सगळे थर बंद. पाठ झालेली नसल्यामुळे ओळ मध्येच मुख्य चालीकडे सरकत असेल तर ती आधी पेटीवर वाजवून, मग सरगम म्हणून, मग शब्दांत, अशी पक्की करावी. चार मात्रांचा तुकडा सरगमने बिनचूक म्हणता येत नसेल, तर तो शब्दांत बिनचूक येणार नाही.

मुख्य गायन आधी पूर्ण करून, टेक निवडून, मगच हार्मनीला हात घालावा. हार्मनीने मुख्य गायनाचा श्वास आणि उच्चार पाळायचा असतो. मुख्य गायन नंतर बदलले तर सगळे थर पुन्हा गावे लागतात. ध्रुवपदाच्या ज्या आवृत्तीवर हार्मनी येणार आहे, तिथे मुरक्या आणि हरकती आवराव्यात, निदान मुख्य गायनापुरत्याच ठेवाव्यात. हार्मनीच्या ओळींत कणस्वर, खटका, आंदोलन असे अलंकार काहीही नकोत. सरळ, सपाट सूर. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) अटळ असेल तर ती कोणत्या मात्रेवर सुटते आणि कोणत्या मात्रेवर पोचते हे वहीत लिहून ठेवावे, कारण चार आवाजांच्या चार वेगळ्या वेळी सुटलेल्या मिंडी म्हणजे गढूळपणाच.

टेपच्या काळातल्या लोकांना ही शिस्त सक्तीने पाळावी लागत असे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लेस पॉल आणि मेरी फोर्ड यांनी मेरीच्या एकटीच्या आवाजाचे थर चढवून ध्वनिमुद्रिका केल्या, तेव्हा प्रत्येक नवा थर आधीच्या थरांत कायमचा मिसळला जाई आणि एक चूक झाली की मागचे सगळे वाया जाई. आज अनंत ट्रॅक मिळतात, म्हणून तालमीशिवाय गायला सुरुवात होते.

हेडफोन बंद कपांचे असावेत, नाहीतर क्लिक माइकमध्ये शिरतो आणि सहा ट्रॅकवर तो सहा वेळा शिरतो. एका कानावरचा कप थोडा सरकवून स्वतःचा आवाज खोलीतून ऐकला की सूर धरणे पुष्कळ सोपे जाते. मात्र त्या वेळी उघड्या बाजूचा कप गालाशी दाबून ठेवावा किंवा त्या बाजूचा आवाज सॉफ्टवेअरमधून बंद करावा. आवाज फार मोठा ठेवू नये, त्याने सुराचा अंदाज बिघडतो. ब्लूटूथ हेडफोन या कामाला अजिबात चालत नाहीत. त्यांतला उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो.

उशिराचाच आणखी एक प्रकार तपासून घ्या. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचे बटण असेल तर ते वापरा, म्हणजे स्वतःचा आवाज लॅपटॉपची फेरी न मारता थेट कानात येतो. तसे बटण नसेल तर रेकॉर्डिंगपुरता बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तो ध्वनीचा तुकडा) १२८ सॅम्पलपर्यंत उतरवा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे एका दिशेला पावणेतीन मिलिसेकंदही नाहीत, तर १,०२४ सॅम्पल म्हणजे २१ मिलिसेकंद. याशिवाय सॉफ्टवेअर नवा ट्रॅक जुन्या ट्रॅकच्या बरोबर खाली ठेवते की नाही हेही पाहिले पाहिजे. एका ट्रॅकवर क्लिक वाजवा, हेडफोन माइकला टेकवून तोच क्लिक दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा, आणि दोन्ही टोके पडद्यावर मोठी करून पाहा. ती जुळत नसतील तर सेटिंगमध्ये लेटन्सी कम्पेन्सेशनचा (उशिराच्या भरपाईचा) आकडा त्या फरकाइतका बदला. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तर हे पहिल्या दिवशीच करावे. गाणाऱ्याची लय पक्की असूनही सगळे थर सारखेच मागे पडत असतील, तर कारण हेच असते.

खोलीबद्दल थोडक्यात. कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो, म्हणून जाड गोधडी किंवा रजई तुमच्या पाठीमागे टांगावी. माइकच्या मागे चिकटवलेल्या पातळ फोमचा उपयोग फारच कमी. असा फोम फक्त वरचे, तीक्ष्ण कंप शोषतो आणि २०० ते ४०० हर्ट्झमधला डब्यासारखा घुमारा तसाच ठेवतो. तोच घुमारा, त्याच खोलीत, त्याच माइकवर, त्याच आवाजाने सहा वेळा नोंदला गेला की थरांना येते ते जडपण. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट ही उत्तम पाठभिंत आहे. पंखा, फ्रिज बंद; शेजाऱ्यांचा कुकर तुमच्या हातात नाही. ट्रॅक दुप्पट झाले की एकूण खरखर साधारण ३ डेसिबलने वाढते, म्हणजे आठ ट्रॅकवर ती ९ डेसिबलने वाढलेली असते. सगळे थर गात असताना ती झाकली जाते, पण दोन ओळींमधल्या विरामात उघडी पडते, म्हणून प्रत्येक ट्रॅकवरचे मोकळे भाग कापून टोकांना छोटे फेड (आवाज हळूहळू चढवणे-उतरवणे) द्यावेत.

मुख्य गायनाला माइकपासून १५ सेंटिमीटर अंतर ठीक आहे. हार्मनीसाठी मात्र ३० ते ४५ सेंटिमीटर मागे सरकावे. जवळून गायल्याने येणारा खालचा जडपणा त्यामुळे निघून जातो आणि थर आपोआप मुख्य आवाजाच्या मागे बसतात. मिक्समध्ये ईक्यू (ठरावीक कंप कमी-जास्त करण्याची सोय) लावून हे काम तितके नैसर्गिक होत नाही. दोन टेकमध्ये अंतर किंवा कोन थोडा बदलावा, म्हणजे तेच कंप पुन्हा पुन्हा साचत नाहीत. गेन (माइकची पातळी) असा ठेवा की सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर याहून वर जाण्याचे काही कारण नाही.

शब्दांचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यावर सविस्तर लिहायला हवे. चार आवाज एकाच माणसाचे आहेत असे ऐकणाऱ्याला जाणवू न देता त्यांचा एक समूह करायचा असेल, तर सुरांइतकेच उच्चार जुळावे लागतात. ‘घन’ या शब्दाचे उदाहरण घ्या आणि तो चार मात्रा लांबवायचा आहे असे धरा. घ हा महाप्राण आहे, त्याच्याबरोबर हवेचा झोत येतो. चार ट्रॅकवर तो चार किंचित वेगळ्या वेळी आला की ‘घ’ ऐवजी खरखरीत धक्का ऐकू येतो. म्हणून हार्मनीच्या ओळींत घ इतका मऊ म्हणावा की तो जवळजवळ ग वाटेल. खरा घ मुख्य गायन पुरवते आणि कान तोच सगळ्यांवर पसरवतो. पुढे अकार. सुटे बोलताना आपण अ बंदिस्त म्हणतो, पण लांबवताना एका टेकमध्ये तो आकाराकडे झुकतो आणि दुसऱ्यात ओकाराकडे. वरच्या ओळीत तोंड जास्त उघडल्यामुळे हे हटकून होते. तोंडाचा आकार एक ठरवून, हवे तर आरशात पाहून, सगळ्या ओळींत तोच ठेवावा. सूर अगदी जुळलेला असूनही हे आकार वेगळे असतील तर कानाला बेसूर झाल्याचा भास होतो. तुमच्या तक्रारीचा काही भाग यातलाही असेल.

मग शेवटचा न. तो कुठे मिटायचा? चौथ्या मात्रेवर की तिच्या अर्ध्यावर, हे आधी ठरवून सगळ्या ओळींना तेच लागू करावे. न, म यांसारखी अनुनासिके गुणगुणत मिटतात, त्यामुळे थोडा फरक चालून जातो. त, ट, क, प यांनी संपणाऱ्या शब्दांत मात्र तो चालत नाही. तिथे शेवटचे व्यंजन एकट्या मुख्य गायनाने म्हणावे आणि बाकीच्या ओळींनी ते गाळून नुसता स्वर सोडून द्यावा. स, श, च, छ यांचेही असेच, ती शब्दाच्या सुरुवातीला असोत की शेवटी. आणखी एक मराठी अडचण अशी की गाताना शब्दाच्या अंत्य अकाराचा आपण कधी उच्चार करतो, कधी करत नाही. ‘देव’ एका टेकमध्ये व वर मिटतो आणि दुसऱ्यात लांबतो. गीत छापून घेऊन त्यावर श्वासाच्या जागा, गाळायची व्यंजने आणि अंत्य उच्चार यांच्या खुणा पेन्सिलीने केल्या की निम्मे काम झाले. श्वास सगळ्या ओळींत एकाच जागी घ्यावा आणि नंतर मुख्य ट्रॅकवरचा तेवढा ठेवून बाकीचे कापावेत.

किती थर घ्यावेत? दोन हार्मनी ओळी, प्रत्येकी दोन टेक, आणि मुख्य गायन, एवढ्यावर ध्रुवपद पुरेसे भरते. तिसरी ओळ हवीच असेल तर ती शेवटच्या आवृत्तीसाठी राखून ठेवावी. प्रत्येक ओळीचा दुसरा टेक खरोखर दुसऱ्यांदा गायलेला असावा. पहिल्याच टेकची प्रत काढून ती काही मिलिसेकंद सरकवली तर दोन आवाज होत नाहीत, एकाच आवाजातले काही कंप एकमेकांना कापतात आणि नळीतून गायल्यासारखा नाद येतो. एकाच ओळीचे दोन्ही टेक एकाच बैठकीत घ्यावेत, कारण गळ्याची जात दिवसागणिक बदलते. खालची ओळ सकाळी, खर्ज मोकळा असताना, आणि वरची ओळ गळा तापल्यावर, हा क्रम रियाज करणाऱ्या कुणालाही सांगावा लागणार नाही.

पिच करेक्शनविषयी माझे मत तुम्हाला कळलेच असेल, पण कारणेही द्यायला हवीत. ही सॉफ्टवेअर मुळात कीबोर्डच्या समान अंतरांवर सूर आणून बसवतात. तानपुऱ्यावर गायलेला तुमचा निर्दोष गंधार ती चौदा सेंट चढवतील आणि दुरुस्त केला म्हणतील. शिवाय एका ओळीचे दोन्ही टेक एकाच रेषेवर आणले की त्यांच्यातला नैसर्गिक फरक जातो, आणि भरीवपणा तर त्या फरकातूनच आलेला असतो. एखादा सूर स्पष्ट उतरला असेल तर तेवढा तुकडा पुन्हा गावा. ते शक्य नसेल तर तेवढाच सूर हाताने, पूर्ण न ओढता, वर घ्यावा. वेळेच्या दुरुस्तीबाबत मी अधिक उदार आहे: ओळीचे पहिले अक्षर आणि शेवटचे मिटणे मुख्य गायनाशी जुळवून घ्यावे, मधला भाग तसाच सोडावा.

मिक्समध्ये वरच्या ओळीचे दोन टेक डाव्या-उजव्या टोकांना, खालच्या ओळीचे दोन त्यांच्या मानाने मध्याकडे, आणि मुख्य गायन मध्यभागी ठेवावे. हार्मनीचे सगळे ट्रॅक एका गटात घेऊन त्यावर १२० ते १५० हर्ट्झखालचे काढून टाका. खालची ओळ मंद्र पंचमावर येते तिथे काळी चारला तो सूर सुमारे १५६ हर्ट्झचा असतो, म्हणून १५० च्या वर कापू नका. घुमारा उरला असेल तर ३०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करावेत, हलका कम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा) लावावा आणि सगळ्यांना मिळून एकच रिव्हर्ब (खोलीसारखा घुमणारा नाद) द्यावा. गटाची पातळी मुख्य गायनापेक्षा सहा ते दहा डेसिबल खाली असू द्या. शेवटी सगळे मोनो करून फोनच्या स्पीकरवर ऐका, कारण बरेच श्रोते तसेच ऐकणार आहेत. टोकांना ठेवलेली वरची ओळ त्यात मागे पडल्यासारखी वाटली तर पॅन (डावी-उजवी जागा) थोडा आत आणा, पातळी वाढवू नका.